मागं राहायची सोय

एल पासो, टेक्सास
५ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस,

गणपतीत टाकलेलं तुझं पत्र परवा पोचलं. मधल्या महिन्यात पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते बातम्यांत पाहत होते. फोनवर तू ‘आम्ही बरे आहोत’ एवढंच म्हणालीस. सोयाबीन पाण्यात गेलं असणार. सोयाबीन गेलं की ऊसतोडीच्या टोळ्या लवकर उठतात आणि कोयते वाढतात, हे मी तुझ्याकडूनच शिकले.

पहिल्या पानावर तू तोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचं लिहिलं आहेस. गेल्या वर्षी अनुदान वेळेत आलं नाही, सुरू व्हायला नाताळ उजाडला, तोवर यादीतली निम्मी पोरं आईबापाबरोबर ट्रॅक्टरवर बसून फडाकडे गेलीसुद्धा. आणि तिसऱ्या पानावर विचारतेस, ‘तुमच्याकडच्या त्या भिंतीपाशी बाया कडेवर लेकरं घेऊन येतात म्हणे. पोरं घरी ठेवून का येत नाहीत गं?’ मावशी, तिसऱ्या पानाचं उत्तर तूच पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहेस. तरी सविस्तर लिहिते. गेली सहा वर्षं हे कुणाला तरी आपल्या भाषेत सांगायचं राहून गेलंय.

२०१९ च्या मे महिन्यात मी इथल्या एका चर्चच्या निवाऱ्यात जायला लागले. पुण्यात हौसेनं शिकलेली स्पॅनिश पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडत होती. दुपारी सीमा पोलिसांची बस यायची आणि माणसं दारात सोडून जायची. त्या सरकारी वर्षात दक्षिण सीमेवर कुटुंबासह पकडलेल्या माणसांचा आकडा ४ लाख ७३ हजारांवर गेला होता. पाचांतले जवळपास चार ग्वाटेमाला किंवा होंडुरासचे. बसमधून उतरणाऱ्यांच्या बुटांना लेस नसायच्या. कोठडीत घेताना लेस काढून घेतात, कुणी जीव देऊ नये म्हणून, आणि सोडताना त्या बहुधा परत मिळत नाहीत. बूट निसटू नयेत म्हणून माणसं बोटं आत आवळून, पाय घाशीत चालायची. आमच्या दाराशी पहिलं टेबल जेवणाचं नसायचं, लेसचं असायचं.

त्या टेबलापाशी मला ती भेटली. तिचं नाव लिहीत नाही. ग्वाटेमालाच्या वायव्येला वेवेतेनांगो नावाचा डोंगराळ प्रांत आहे, तिथली. बरोबर सहा वर्षांचा मुलगा. मी विचारत गेले, ती मान हलवत गेली. दहा मिनिटांनी माझ्या ध्यानात आलं की तिला स्पॅनिश फारशी येतच नाही. तिची भाषा माम. ग्वाटेमालात माया लोकांच्या बावीस भाषा बोलल्या जातात, त्यांतली ती एक. मुलाला शाळेमुळे थोडीफार स्पॅनिश यायची. मग मी त्याला विचारायचं, त्यानं आईला, आईनं त्याला सांगायचं आणि त्यानं मला. हातातली लेस बुटाच्या भोकात ओवता ओवता त्या पोरानं मला आपल्या घरावरच्या कर्जाचा आकडा सांगितला.

कर्ज होतं इथवर आणून सोडणाऱ्याचं. तिकडे त्याला ‘कोयोते’ म्हणतात. आपला मुकादम उचल देऊन बांधून घेतो. हा पैसे आधी घेतो, आणि ते सावकाराकडून उचलावे लागतात, जमिनीचा कागद ठेवून, महिन्याच्या व्याजानं. म्हणजे पाऊल टाकायच्या आधीच वावर गहाण. आणि तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या कोयोतेच्या दरात आहे. १९९७ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे आणि तिच्यावरच्या पुढच्या निकालांमुळे इथल्या सरकारला लहान मुलांना साधारण वीस दिवसांहून जास्त कोठडीत ठेवता येत नाही. मूल बरोबर असेल तर कोयोतेला फक्त सीमेपर्यंत पोचवायचं असायचं, पुढे माणसं आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन व्हायची. त्यामुळे त्या काळात मुलासकट येणाऱ्या बाईचा दर एकट्या पुरुषापेक्षा कमी असायचा. २०१८ च्या वसंतात सरकारनं आईबापांवर खटले भरून पोरं वेगळी काढली. हजारो पोरं. जूनच्या अखेरीस सॅन डिएगोच्या न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी ती परत जोडून द्यायचा हुकूम केला, तरी कित्येकांचे आईबाप तोवर मुलांशिवायच मायदेशी रवाना झाले होते. हे सगळं त्या बाईच्या गावात ऐकून माहीत होतं. तरी ती निघाली.

का, ते ऐक. तिचा नवरा ऊसतोड्या. मी मुलाला दोनदा विचारून खात्री केली. ग्वाटेमालाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडे एस्क्विंत्ला भागात कारखान्यांचा ऊस आहे. नोव्हेंबरात हंगाम लागतो, त्याला ‘साफ्रा’ म्हणतात, आणि डोंगरातले पुरुष ट्रकांतून खाली तोडीला जातात. उरलेले दिवस कॉफीच्या मळ्यांवर. पण २०१२-१३ मध्ये कॉफीवर तांबेरा पडला, इतका की सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली, आणि लहान मळेवाले त्यातून नीट उठलेच नाहीत. घरचा मका वर्षाला पुरत नाही. मी त्या पोराला मराठीतच म्हटलं, ‘अरे, आमच्याकडेही हेच.’ तो हसला. त्याला वाटलं, मी माम बोलायला बघतेय.

ती निघाली त्याच सुमारास, मार्चच्या अखेरीस, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर या तिन्ही देशांची मदत थांबवायचं जाहीर केलं. ही सरकारं आपली माणसं अडवत नाहीत, म्हणून शिक्षा. पुढे सुमारे ४० कोटी डॉलर दुसरीकडे वळवले गेले. यातला बराचसा पैसा त्या सरकारांच्या तिजोरीत जातच नव्हता. तो संस्थांमार्फत गावांत उतरायचा: बियाणं, ठिबक, दवाखाना, बाळांचं वजन. वेवेतेनांगोच्या डोंगरात ‘बुएना मिल्पा’ नावाचं एक काम अमेरिकी मदतीवर उभं राहिलं होतं. मिल्पा म्हणजे मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात. तिथं गावागावांत देशी मक्याची बियाणं साठवून ठेवायची, गारठ्यानं नाहीतर वादळानं पीक झोपवलं की त्यातून पुन्हा पेरायचं. आपल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरेंनी जे उभं केलं, त्याच्याच जातीचं. मुठीएवढं बी घरात असलं की माणूस आणखी एक पावसाळा गावात काढतो. मदतीचं खरं काम एवढंच असतं, मागं राहायची सोय. तुझ्या वसतिगृहासारखी.

मदतीत खोट नव्हती असं मी म्हणत नाही. सल्लागारांच्या पगारात, गाड्यांत, अहवालांत पुष्कळ पैसा मुरायचा, हे तिथं राबलेल्या माणसांकडून मी ऐकलंय. आणि आपल्या दारातून कोण आत येतं ते पाहायचा हक्क कोणत्याही देशाला आहे, हेही मला पटतं. शेवटी मीही इथं शिक्के मारून घेतच आले. पण जो मनुष्य ‘तुम्ही तिकडेच राहा’ म्हणतो, त्यानं तिकडे राहायची सोय मोडायची? हे मला सहा वर्षांत कुणी नीट समजावून देऊ शकलेलं नाही.

दार बंद करायच्या तऱ्हा भराभर बदलत गेल्या. २०१९ मध्येच सुनावणीची तारीख देऊन लोकांना मेक्सिकोत परत पाठवायला सुरुवात झाली. सुमारे ७० हजार माणसं हुआरेझ, तिहुआना, मातामोरोसला तंबूंत आणि भाड्याच्या खोल्यांत ताटकळली. मार्च २०२० मध्ये साथीच्या नावाखाली आश्रय मागायचंच बंद झालं, ते मे २०२३ पर्यंत. जानेवारी २०२३ पासून फोनवरच्या अ‍ॅपमधून वेळ घ्यायची पद्धत आली. प्रत्येक बदलाबरोबर कोयोतेचा दर चढला. आता माणशी दहा हजार डॉलरच्या पुढे बोलतात. भिंत उंच झाली की माणसं थांबतील असा हिशेब इथं करतात. तिकडच्या गावात त्या उंचीचा अर्थ एवढाच होतो की गहाण टाकायला अजून एक तुकडा काढा.

आता या वर्षाचं सांगते.

त्या बाईची धाकटी बहीण चार वर्षांच्या मुलीला घेऊन हुआरेझमध्ये थांबली होती. हुआरेझ म्हणजे आमच्या गावाला चिकटलेलंच, मध्ये नदी आणि पूल. हिला स्पॅनिश चांगली येते. रोज सकाळी अ‍ॅप उघडायचं, असे सात महिने गेले तेव्हा कुठे तिला २३ जानेवारीची वेळ मिळाली. मुलीसाठी तिनं बाजारातून लाल स्वेटर घेतला, साहेबापुढे नीटनेटकी दिसावी म्हणून. २० जानेवारीला दुपारी नवे राष्ट्राध्यक्ष म्हणून ट्रम्प पुन्हा शपथ घेत होते, त्याच सुमारास सगळ्यांच्या फोनवर निरोप आला, दिलेल्या वेळा रद्द. सुमारे ३० हजार वेळा एका फटक्यात गेल्या. मला तिचा आवाज आला व्हॉट्सअ‍ॅपवर. रडत नव्हती. विचारत होती, ‘ताई, माझा फोन बिघडला का? तुमच्याकडे बघा ना.’ मला तिला सांगावं लागलं, फोन ठीक आहे.

त्याच दिवशी दुसऱ्या एका हुकमावर सही झाली, परदेशी मदत नव्वद दिवस थांबवायची. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री रुबियोंनी सांगितलं की यूएसएड या मदतसंस्थेची ८३ टक्के कामं कायमची बंद. केनेडींच्या काळात, १९६१ मध्ये उभी राहिलेली ती संस्था १ जुलैला मिटली. संयुक्त राष्ट्रांची स्थलांतरितांसाठी आणि निर्वासितांसाठी काम करणारी जी दोन मोठी खाती आहेत, त्यांचा जवळपास चाळीस टक्के पैसा अमेरिकेचा होता. त्यांनीही हजारो माणसं कमी केली. ही बहीण ज्या निवाऱ्यात होती, तिथं आधी वकील यायचा बंद झाला, मग डॉक्टर, मग रात्रीचं जेवण. एप्रिलमध्ये ती उलट फिरली. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या मध्ये सुचियाते नदी आहे; ट्यूबांवर फळ्या बांधलेल्या तराफ्यांवरून लोक ती ओलांडतात. येताना ती त्याच तराफ्यावरून आली होती.

घरी पोचल्यावर तिनं मला एक फोटो पाठवला. ओसरीच्या वाशाला एक दोरी लोंबतेय, बाकी काही नाही. त्या दोरीला महिन्यातून एकदा काटा अडकवून गावातल्या बाळांचं वजन व्हायचं; आपल्या अंगणवाडीत असतो ना, बाळाला झोळीत घालून लटकवायचा गोल काटा, तोच. वजन करणारी पोरगी खालच्या गावाहून मोटारसायकलवर यायची, वजन कमी भरलं तर पिठाची पाकिटं द्यायची, आईला चार गोष्टी सांगायची. फेब्रुवारीपासून ती आली नाही. ग्वाटेमालात पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आहे. लॅटिन अमेरिकेत इतकं वाईट प्रमाण कुठेच नाही. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, ‘हिचं वजन किती ते आता कळत नाही.’

धाकटीच्या वावराचा कागद अजून सावकाराकडे आहे. प्रवास फसला म्हणून व्याज थांबत नाही. ते फेडण्याएवढी कमाई गावात नाही, म्हणून ती पुन्हा निघायचं बोलते. जी परत फिरली म्हणून प्रश्न मिटला असं इथल्या कागदावर लिहिलं असेल, ती बाई घरात बसून पुढच्या फेरीचा हिशेब करतेय. तूर्त थोरली बहीण दर पंधरवड्याला पैसे पाठवते. ती आता जॉर्जियात कोंबड्या सोलायच्या कारखान्यात आहे. गेल्या वर्षी अशी २१.५ अब्ज डॉलर रक्कम ग्वाटेमालात गेली, त्या देशाच्या उत्पन्नाचा जवळपास पाचवा भाग. येत्या १ जानेवारीपासून रोखीनं पाठवलेल्या पैशावर एक टक्का कर बसणार आहे. थोरलीला बँकेत खातं काढायला भीती वाटते, त्यामुळे तिचे सगळे पैसे रोखीनंच जातात. एक टक्का म्हणजे फार नाही असं कुणी म्हणेल. तिनं मला तो पिठात मोजून दाखवला.

थोरलीचा तो मुलगा आता बारा वर्षांचा आहे. इंग्रजी फाडफाड बोलतो. आई कामावर जाते तेव्हा तिचा फोन तोच सांभाळतो, दारावर कुणी ठोठावलं तर उघडायचं नाही हे त्याला पढवलेलं आहे. परवा त्यानं मला विचारलं, पकडून नेलंच तर आजीशी बोलायला त्याला माम पुरेशी येईल का. मी म्हटलं, रोज रात्री फोनवर बोलत जा तिच्याशी. त्यानं लगेच वेळ विचारली, तिकडे किती वाजलेले असतात.

आमचा निवारा आता बहुतेक रिकामाच असतो. सीमेवर महिन्याकाठी दहा हजारांच्या आत माणसं पकडली जातात, कधीकाळी एका आठवड्यात त्याहून जास्त यायची. खाटा घड्या घालून भिंतीला लावल्यात. लेसचा खोका टाकून देऊ का म्हणून एकीनं विचारलं, मी तो घरी घेऊन आले. लोक म्हणतात, बघा, थांबले. मला त्या वाशाची दोरी दिसते.

आता तुझं काम. टोळ्या दिवाळीनंतर उठतील, यंदा कदाचित आधीच. अनुदानाची वाट पाहू नकोस. आईच्या खात्यात माझे पैसे पडून आहेत, मी तिच्याशी बोलले आहे. किराणा भर, स्वयंपाकाच्या बाईला नोव्हेंबरपासून बोलाव, आणि मुकादम गाडी घेऊन यायच्या आत घरोघर जाऊन सांग की वसतिगृह सुरू होतंय. गेल्या वर्षी जी पोरं गेली त्यांच्या घरी आधी जा. यादी झाली की किती ताटं लागतात ते कळव.

काकांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी भाची