ठकीचे डोळे

त्रिमिती संगणकचित्रांच्या जगात एक ससा फार प्रसिद्ध आहे. १९९४ साली ईस्टरच्या सुमारास ग्रेग टर्क यांनी तो पालो आल्टोमधल्या एका दुकानातून विकत घेतला: साडेसात इंच उंचीचा, भाजलेल्या लाल मातीचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात लेसरने त्याचे दहा वेळा मोजमाप झाले, ते तुकडे सांधले गेले आणि ६९,४५१ त्रिकोणांचा एक ससा संगणकात जन्माला आला. तेव्हापासून संशोधक आपली प्रत्येक नवी युक्ती आधी त्याच्यावर करून पाहत आले आहेत. त्याला काचेचा केले, वितळवले, त्याच्या अंगावर लोकर उगवली. तळाशी जिथे मोजमाप पोचले नाही तिथे भोके राहिली, ती मूळ प्रतिकृतीत आजही आहेत.

पण तो ससा शोभेचा होता. त्याला कुशीत घेऊन कोणी झोपले नव्हते. शिवाय माती निस्तेज आणि एकरंगी, म्हणजे लेसरच्या दृष्टीने आदर्श. खेळून झिजलेल्या, रंगवलेल्या, लाखेने चकाकणाऱ्या खेळण्याची गोष्ट वेगळी असते, हे मला आमच्या ठकीमुळे कळले.

ठकी म्हणजे जुन्या मराठी घरांतली लाकडी बाहुली. आमची नऊ इंचांची आहे. पाठ सपाट, लुगडे लाल, चोळी हिरवी, केस आणि डोळे काळेभोर. ती आधी आईची, मग माझ्या दोन्ही बहिणींची. आई गेल्यावर घर रिकामे करताना भांड्यांची, दागिन्यांची, फार काय पुस्तकांचीही वाटणी झाली. ठकीपाशी येऊन सारे थांबले. थोरली म्हणे, मी मोठी. धाकटी म्हणे, ती माझ्याजवळ निजायची. दोघींचेही खरे होते. मी मध्यस्थ म्हणून सुचवले की तिची प्रतिकृती करू. एका मित्राकडे टेबलावर मावणारा लेसर स्कॅनर होता. प्रत्येकीला एकेक फाइल, हवी तर प्लॅस्टिकमध्ये छापून घ्यावी. आधुनिक माणसाला सुचावा असाच तोडगा होता.

यंत्राची रीत साधी आहे. फिरत्या तबकडीवर वस्तू ठेवायची. तिच्यावर लेसरची एक उभी रेघ पडते आणि बाजूला, ठरावीक कोनात बसवलेला कॅमेरा ती रेघ पाहतो. पृष्ठभाग उंचसखल असेल तशी रेघ वाकते, आणि त्या वाकण्यावरून त्रिकोणमितीने प्रत्येक बिंदूचे अंतर निघते. तबकडी कणाकणाने फिरत राहते. जिथे रेघ पडत नाही किंवा पडलेली कॅमेऱ्याला दिसत नाही, तो भाग यंत्रापुरता अस्तित्वातच नसतो. म्हणून वस्तू आडवी, उलटी, तिरपी ठेवून पुन्हापुन्हा मोजावी लागते.

आमच्या यंत्रातला लेसर लाल होता. त्यामुळे ठकीचे लाल लुगडे चोख उमटले, हिरवी चोळी अडखळत उमटली, आणि काळ्या रंगाने प्रकाश गिळून टाकल्यामुळे केस व डोळे उमटलेच नाहीत. पडद्यावर जी बाई उभी राहिली तिच्या डोळ्यांच्या जागी दोन खोबणी होत्या. ते चित्र धाकटीला पाठवायचे धाडस मला झाले नाही.

यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे वस्तूवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर देणे. मित्राने टाल्कम पावडर आणली. मऊ कुंचल्याने आम्ही ठकीच्या तोंडाला पावडर लावली, आणि आई आम्हाला तीट-पावडर करीत असे ते आठवून मी उगाचच हसलो. (इथे तीटच नडत होती, हा भाग निराळा.) पितळी भातुकलीलाही तोच उपचार करावा लागला. तिच्याविषयी एवढेच सांगतो की पातेल्यांच्या आतला भाग शेवटपर्यंत हाती लागला नाही.

चौदा मोजमापे सांधून झाल्यावर पडद्यावर एक करडी ठकी फिरू लागली. रंग नाही, वास नाही, वजन नाही. मी निराश होऊन यंत्र बंद करणार होतो. तेवढ्यात मित्राने संगणकातला दिवा एका बाजूला सरकवला. तिरप्या उजेडात रंगाखाली दडलेले सगळे वर आले. पटाशीचे लांबट घाव दिसले. नाकाचा शेंडा झिजून सपाट झालेला होता. उजव्या खांद्यावर, जिथे लहान मुठीचा अंगठा टेकत असेल, तिथे उथळ खळगी होती. आणि पायथ्याशी, हाताला कधी न जाणवलेले, अर्धवर्तुळात चार बारीक दात. कुणाचे, ते सांगणारे माणूस आता उरले नव्हते. डोळ्याला रंग दिसतो म्हणून आकार दिसत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका यंत्राने दाखवले.

मग मित्राने सवयीने पृष्ठभाग गुळगुळीत करण्याची आज्ञा दिली. ही आज्ञा मोजमापातला खडबडीतपणा घालवते. पण तो यंत्राचा दोष आहे की कुणाचे दात, हे तिला कळत नाही. एका क्षणात ठकी कोरी झाली, दुकानातून नुकती आणल्यासारखी. मी ती आज्ञा मागे घ्यायला लावली. हनुवटीखालचे भोकही बुजवू दिले नाही. तिथे संगणकाने कल्पिलेली हनुवटी बसवण्यापेक्षा भोक बरे. सशाच्याही तळाशी आहेतच.

दोघींना फाइल पाठवली. थोरलीचा त्याच रात्री फोन आला. "ते दात आईचे असतील का रे?" धाकटीने दुसऱ्या दिवशी नेमके तेच विचारले आणि पुढे म्हणाली, "मला फाइल नको, लाकूड हवे."

सध्या ठकी माझ्याच कपाटात आहे. कोरड्या कुंचल्याने कितीही झटकले तरी लुगड्याच्या निऱ्यांत थोडी पावडर राहिलीच आहे. ओले फडके लावायची माझी तयारी नाही. जुना रंग आहे. दिवाळीत दोघी यायच्या आहेत.