दोन इंचांचा हट्ट

आमच्या भाच्याने बारा वर्षे वापरलेली एक स्विफ्ट मोटार विकत घेतली आणि पेढ्यांपाठोपाठ आमच्यापुढे मागणी ठेवली: गाडी दोन इंच खाली आणून द्यायची. “मामा, गाडी कशी जमिनीले चिकटून चालली पाह्यजे!” सारी उमेद मोटारींच्या पोटाखाली घालवलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. दिग्रसमध्ये आम्ही आजवर पाटे वाढवून गाडी उंच करून मागणारेच पाहिले होते.

त्याला कारणही तसेच आहे. आमच्या भागातली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा डांबरी रस्ता कितीही गुळगुळीत करा, दोन पावसाळ्यांत त्यावर लाटा उठतात. आमच्या आजोबांच्या काळातली बंडी उंच चाकांवर चालत असे, ती काही हौसेपोटी नव्हे; आस चिखलाच्या वर राहावा म्हणून.

भाच्याने मोबाइलवर आम्हांला लॉस एंजेलिसच्या गाड्या दाखवल्या. मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या त्या लांबलचक, रंगवलेल्या मोटारी जमिनीला टेकल्यासारख्या रांगत होत्या, आणि एकीच्या बॉनेटवर चक्क ग्वादालूपे मातेचे चित्र होते! “मामा, हे तं आपलेच लोक,” तो म्हणाला. आता धर्माचीच साक्ष काढली म्हटल्यावर आम्हांला त्या गाड्यांची कुळकथा शोधणे भाग पडले. सुरुवातीला ही मंडळी डिकीत वाळूची पोती टाकून गाडी खाली दाबत, नाहीतर स्प्रिंगाच कापत. चाकाच्या कड्याखाली गाडीचा कोणताही भाग येऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियात 1958 साली लागू झाला. पुढच्याच वर्षी रॉन अगीर नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. कळ दाबली की गाडी खाली, पोलीस दिसला की वर. हा निर्बंध 2024 पासून तिथे उठला आहे. पण आम्हांला त्या चित्रांत वेगळीच गोष्ट दिसली. त्यांच्यापैकी कोणालाच घाई नव्हती. हळू जाणे हाच त्या गाड्यांचा थाट होता. आमच्या भाच्याला मात्र गाडी खालीही हवी होती आणि आर्णीच्या रस्त्यावर पळायलाही हवी होती.

एका मेस्त्रीने त्याला उपाय सांगून टाकला होता: गॅसने स्प्रिंगचे दीड वेटोळे कापायचे, अर्ध्या तासाचे काम. हे ऐकले आणि आम्ही हातातला पेढा खाली ठेवला.

1987 साली आम्ही स्वतः असे काम केले होते. गिऱ्हाइकाला पद्मिनीचे तोंड जरा खाली हवे होते. आम्ही तरुण होतो, आमच्या हातात गॅसची बत्ती होती आणि नाही म्हणण्याची अक्कल नव्हती. सहा वेटोळ्यांपैकी एक कापले की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, वीस टक्क्यांनी ताठही होते. ज्योतीने तापलेल्या भागातले पोलादाचे पाणी उतरते, ते निराळेच. आणि चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळले, की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल पडते. दारव्ह्याच्या रस्त्यावर नेमके तेच घडले. स्प्रिंग बैठकीतून निसटली, गाडी एका कोपऱ्यावर बसली आणि बाभळीवर गेली. मालकाच्या धाकट्या मुलीच्या कपाळाला सात टाके पडले. मालक आम्हांला एक शब्दही बोलला नाही. त्याला वाटले, रस्ताच वाईट. खरे काय ते आम्ही पापनिवेदनात फादरांना सांगितले, त्या माणसाला मात्र आजतागायत सांगितलेले नाही. ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. बाजारात भेटली की आमची नजर आधी तिच्या कपाळाकडे जाते.

हे सारे भाच्याला सांगितले. तो गप्प झाला, पण हट्ट सोडीना. “मग चांगला माल घेऊ,” म्हणाला. त्याचे चुकत नव्हते. कारखान्यातून आखूड आणि ताठ करूनच आलेल्या स्प्रिंगा मिळतात. परंतु त्यांच्याबरोबर कमी चालीचे शॉकअप घ्यावे लागतात, नाहीतर मूळ शॉकअप सदैव दबलेले राहून रबरी बंप स्टॉपवर आपटत झिजतात. अलाइनमेंट पुन्हा करावे लागते. न केल्यास टायर आतल्या बाजूने खाल्ले जातात. शिवाय खाली आलेली गाडी वळणावर कमी कलते, हा समजही पुरता खरा नाही. स्ट्रटच्या गाडीत खालचे आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलले जातात; ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते, तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो आणि स्प्रिंग पुरेशी ताठ नसेल तर गाडी उलट अधिकच कलते. उंची कमीजास्त करता येणारे आट्यांचे संचही असतात. त्यांची किंमत ऐकून भाच्याने स्वतःच विषय बदलला. मूळ रचनेतल्या फेरफारांवर सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत दिलेला निर्णयही आम्ही त्याच्या कानावर घातला. तरुण कानांवर कायद्याचा फारसा परिणाम होत नाही, हा भाग वेगळा.

शेवटी आम्ही टेप काढला. नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. त्याच्या पाठीवरून गाडी अलगद उतरते. खेड्यापाड्यांतले गतिरोधक मात्र शेताच्या बांधासारखे, उंच आणि अरुंद. चार माणसे बसली की गाडी आधीच खाली येते. त्यात आणखी पाच सेंटीमीटर गेले, तर चेंबर फुटायला पहिलेच गाव पुरे.

टेप हातात होताच, म्हणून बहिणीला अंगणात बोलावले. तिच्या खुब्याचा सांधा गेल्या वर्षी बदललेला. गुडघ्यापेक्षा खालच्या आसनावर बसायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. आम्ही तिच्या गुडघ्याची उंची मोजली, मग गाडीची दाबलेली गादी मोजली. दोन्ही जवळजवळ सारखीच भरली. भाच्याने टेप आमच्या हातून घेतला आणि स्वतः पुन्हा मोजले. पुढे त्याने काही विचारले नाही.

चाकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत मोजताना आणखी एक गंमत कळली. चालकाच्या बाजूची पुढची स्प्रिंग थकून दीड सेंटीमीटर बसली होती. म्हणजे गाडी अर्धीमुर्धी खाली आलेलीच होती, तीही फुकटात! नव्या मूळ मापाच्या स्प्रिंगा, शॉकअप आणि बुश यवतमाळहून आणले. दाबणीच्या शिकंजाशिवाय स्ट्रट उघडायचा नाही, हे आम्ही त्याला तीनदा बजावले. दबलेली स्प्रिंग सुटली तर मनगट मोडते. काम झाल्यावर गाडी खाली न येता वरच आली. भाच्याने पुढच्या काचेमागे वेलंकणी मातेचे लहानसे चित्र लावले आणि बॉनेट तसेच ठेवले.

पास्काच्या मिस्सेला आम्ही तिघे त्याच गाडीने यवतमाळला गेलो. पहिल्या गतिरोधकाआधी त्याने वेग इतका कमी केला, की मागच्या दुचाकीवाल्याने हॉर्न वाजवला. आम्ही मागे वळून पाहिले. बहिणीचा डोळा लागला होता आणि जपमाळ तिच्या मांडीवर घसरली होती.