वाणी उचलताना डोळे सांभाळा
पहिल्या पावसानंतर दहा-बारा दिवस उघडीप पडली अन् कपाशीच्या कोवळ्या रोपांवर वाणी तुटून पडली. (काही भागात हिला पैसा म्हणतात.) फवारणी नको म्हणून ओल्या गवताचे ढीग टाकले अन् सकाळी त्याखालची वाणी उघड्या हातानं डब्यात भरली. बोटं पिवळी-तपकिरी झाली, वास आयोडीनसारखा. घाम पुसताना तेच बोट डोळ्याला लागलं. आग अशी की बांधावरच बसलो. कॅनमधलं सगळं पाणी डोळ्यात मारलं, तरी डॉक्टरकडं जावंच लागलं.

वाणी चावत नाही, डंखही मारत नाही. अंगाच्या दोन्ही कडांना बारीक ग्रंथी असतात. डिवचलं की त्यातून बेंझोक्विनोन झिरपतं. त्यानंच कातडी डागते. कोंबड्यांपुढं टाकून बघितली. एकीनं टोचली अन् चोच मातीत पुसत पळाली. चपट्या वाणीच्या बऱ्याच जातींत तर हायड्रोजन सायनाइड निघतं, कडू बदामासारखा वास येतो.

आता हातमोजे घालतो, अन् गोळा केलेली वाणी थेट साबणाच्या पाण्यात. बोटांचे डाग अजून आहेत, धुवून जात नाहीत. नातवाला मात्र तिचा पैसा करून खेळायचं असतं, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतंय.