मेथीचें पिवळें पान

मेथीचें पान पिवळें पडलें कीं त्यास पाणी कमी पडलें, असें बहुतेकांस वाटतें, आणि मग बिचाऱ्या वाफ्यावर घागरींमागून घागरी रित्या होऊं लागतात. आमच्या परसांत गेल्या थंडींत हाच प्रकार चालला होता. त्या मेथीची निकडही तशीच होती. आमच्या आजीच्या रक्तांत लोह फार कमी असल्याचें तपासणींत निघालें होतें. डॉक्टरांनीं गोळ्या लिहून दिल्या व जेवणांत पालेभाजी वाढविण्यास बजाविलें. मेथी तिच्या आवडीची. म्हणून जुन्या चुनेगच्ची भिंतीलगत एक वाफा केला. तीन आठवड्यांत तो निस्तेज पिवळा दिसूं लागला आणि घरांतील मंडळींचे चेहरे उतरले.

परंतु पिवळेपणाचेही प्रकार आहेत. विद्यार्थिमित्रहो, वाफ्यापाशीं बसून पिवळें पान रोपाच्या कोणत्या भागीं आहे तें आधीं पाहावें. पानास हिरवा रंग देणारें जें हरितद्रव्य, त्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागीं मॅग्नेशियमचा एक अणु असतो व त्याच्याभोंवतीं नायट्रोजनचे चार. (या द्रव्याच्या अभ्यासाबद्दल रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञास १९१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.) लोह त्यांत मुळींच नाहीं, तथापि लोहावांचून झाडास हरितद्रव्य घडवितां येत नाहीं. वाढलेल्या आमटींत पळी नसते, पण पळीवांचून आमटी ढवळली जात नाहीं, तसेंच हें.

नायट्रोजन किंवा मॅग्नेशियम कमी पडलें म्हणजे झाड तें जुन्या पानांतून काढून नव्या पानांस देतें. घरांतील वडील माणसें आपला घास लेंकरांच्या ताटांत सारतात ना, तसें. म्हणून त्या टंचाईंत बुडख्याकडील पानें आधीं पिवळीं होतात. लोह मात्र एकदां ज्या पानांत गेलें तेथून सहसा हलत नाहीं. त्यामुळें शेंड्याचें कोंवळें पानच उपाशी राहतें. त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. आमच्या मेथीचे शेंडे नेमके असेच होते, आणि खालचीं पानें हिरवींगार.

हा पिवळा रंग बाहेरून आलेला नसतो. कॅरोटिन व त्याच्या जातीचीं इतर रंगद्रव्यें पानांत आधींपासूनच असतात; हिरवें ओसरलें कीं तीं दिसूं लागतात. म्हणून पिवळ्या पानांत कॅरोटिन अधिक, असें मात्र कोणी समजूं नये. उपासमार झालेल्या पानांत तेंही घटतें. ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतें तें कॅरोटिन गर्द हिरव्या पानांतच भरपूर असतें.

आतां, आपल्या मातींत लोहाची वाण कोठें? दख्खनची माती ज्या काळ्या खडकाची झाली आहे त्यांत लोह विपुल आहे. परंतु भिंतीचा गिलावा वर्षानुवर्षें झडून त्या पट्टींत चुना मुरला होता, आणि चुनखडीच्या जमिनींत लोह पाण्यांत विरघळत नाहीं. भरल्या कोठाराला कुलूप लागावें तशी गत! फ्रान्समध्यें यूझेब ग्रिस या संशोधकानें १८४४ च्या सुमारास अशा पिवळ्या पानांस हिराकसाचें पाणी लावून तीं पुन्हां हिरवीं होतात हें दाखविलें होतें. आम्हीं भिंतीपासून दूर, शेणखत घालून, दुसरा वाफा केला. तो चांगला हिरवा आला.

मौज पुढेंच आहे. आजीच्या गोळ्यांच्या वेष्टनावर आम्हीं नांव वाचलें, तें ‘फेरस सल्फेट’. म्हणजे शुद्ध केलेला हिराकसच! (बाजारांतला हिराकस मात्र कोणी तोंडांत घालूं नये, तो औषध नव्हे.) मेथीचें मूळ आणि माणसाचें आंतडें, दोघांनाही लोह त्याच फेरस रूपांत घेणें सुलभ जातें. पालेभाजींतील लोह त्या रूपांत सहजीं येत नाहीं. लिंबांतील क जीवनसत्त्व तें काम करतें, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यांत मोडता घालतो. तेव्हां आजीच्या ताटांत लिंबाची फोड आली व तिचा चहा, बऱ्याच रुसव्याफुगव्यानंतर, दोन तास पुढें गेला. तीन महिन्यांनीं तिचें रक्त सुधारलें. श्रेय मुख्यतः गोळ्यांचें, हें आम्ही जाणतों. मेथीला तिचा वांटा आम्हीं प्रेमानें दिला.

लिंबू पिळावयाचें तें ताटांत, कढईंत नव्हे. शिजत्या भाजींत आंबट पडलें कीं हरितद्रव्यांतील मॅग्नेशियम निसटतें आणि भाजी शेवाळी-तपकिरी होते. कित्येक गृहिणी रंग राखण्यास चिमूटभर सोडा टाकतात. रंग राहतो खरा. पण ज्या क जीवनसत्त्वासाठीं लिंबाची खटपट, तेंच भाजींतून सोड्यामुळें अधिक नासतें.