कोरडा तळहात

दोन गवयांची तुलना करू नये, असे आमचे आजोबा नेहमी म्हणत. आणि एवढे म्हणून झाले की उपरणे सावरून रात्री अकरापर्यंत तीच करीत बसत. त्यांचा हा वारसा माझ्याकडे आला, पण गाणे आले नाही. त्यामुळे तुलनेसाठी माझ्या वाट्याला मोटारसायकली आल्या. हा विषय फराळाबरोबर जड जाईल अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी स्वस्थ असावे. यंत्रशास्त्र मी सांगणार नाही. आणि सांगावे लागलेच तर करंजीच्या मदतीने सांगेन.

१९७१ साली मी नोकरीसाठी बर्मिंगहॅमला गेलो. वय तेवीस, आणि तोवर बुडाखाली सायकलीपलीकडे दुसरे वाहन नाही. एका घराच्या माडीवर आम्ही तिघे मराठी मुलगे राहत असू: एक कोल्हापूरचा, एक नागपूरचा आणि मी साताऱ्याचा. घरमालक पन्नाशी उलटलेले, अबोल गृहस्थ. मोठ्या कंपन्यांसाठी इंजिनांच्या क्रँककेस तासून देणाऱ्या एका लहान कारखान्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. असे लहान कारखाने त्या शहरात गल्लोगल्ली होते, कारण शहरच मोटारसायकलींवर पोसलेले. बंदुका बनवणाऱ्यांनी १८६१ मध्ये काढलेली बीएसए कंपनी तिथलीच. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना कॉव्हेंट्रीच्या वाटेवर, नॉर्टनचा वुल्व्हरहॅम्प्टनला. पंढरपुरात राहावे आणि विठ्ठलाबद्दल मत नसावे, हे जसे शक्य नाही, तसे तिथे राहून मोटारसायकलींबद्दल मत नसणे शक्य नव्हते.

कोल्हापूरकराने वर्षभरात पैसे साठवून एक जुनी, दोन सिलिंडरची इंग्रजी गाडी घेतली. घराशेजारच्या बोळात ती उभी राही. मालकीणबाई रोज रात्री तिच्याखाली आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र पसरीत, आणि सकाळी त्या कागदावर तेलाचा नकाशा उमटलेला असे. आज आफ्रिका, उद्या ऑस्ट्रेलिया. "गळतंय म्हणजे आत तेल हाय लेका!" असे कोल्हापूरकराचे त्यावर उत्तर. नागपूरकराकडे गाडी नव्हती, पण मते होती. "अबे, होंडाचं बटण दाबलं की झालं. अन् तू रोज सकाळी पंधरा लाथा मारतो बे!"

दर बुधवारी मोटारसायकलींचे साप्ताहिक येई आणि रात्री जेवणाच्या टेबलावर पसरले जाई. वादाचे दोन मुख्य पक्षकार म्हणजे होंडाची सीबी ७५० आणि ट्रायम्फची ट्रायडंट. ट्रायडंटची जुळी बहीण बीएसएची रॉकेट थ्री. ट्रायडंट बाजारात आली १९६८ मध्ये, होंडा १९६९ मध्ये. दोघी साडेसातशे सीसीच्या जवळपास. एकीला तीन सिलिंडर, दुसरीला चार. अश्वशक्ती एकीची ५८, दुसरीची ६७. वेगात म्हणाल तर उन्नीस-बीस. ताशी १९० किलोमीटरच्या पलीकडे दोघीही जात. पण होंडाला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, बटणाने सुरू होणारे इंजिन होते, पाच गिअर होते. ट्रायडंटला ड्रम, किक आणि चार. ट्रायडंटला पाचवा गिअर आणि डिस्क मिळायला काही वर्षे गेली, आणि बटण लाभले ते १९७५ च्या मॉडेलला. पाहुणे जेवून हात धुऊन गेल्यावर पानावर तूप यावे, तसे ते झाले.

यातली खरी हळहळ निराळीच आहे. बर्ट हॉपवुड आणि डग हील या दोघांनी त्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा नमुना १९६५ मध्येच धावता केला होता. होंडाच्या चार वर्षे आधी! पण जपानी लोक लहान गाड्याच करीत राहतील, मोठ्या गाड्या हे इंग्रजांचे राखीव कुरण, असा त्या वेळच्या इंग्रज कारखानदारांचा समज होता. समज तरी कसा, आपल्याकडे थोरल्या घराण्यांचा असतो तसा. आणि होंडा कंपनी १९५९ पासून त्यांच्याच आइल ऑफ मॅन बेटावर शर्यतींना येत होती, १९६१ पासून जिंकतही होती. पण पाहायचेच नाही म्हटल्यावर काय!

शेजारच्या गल्लीतल्या एका तरुण सुताराने सीबी ७५० घेतली. एका रविवारी तो वेल्सकडे रपेट करून परत येण्याच्या सुमारास आम्ही तिघे तिथे दर्शनाला जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने पाहतो तो मालकही सपाता घालून आलेले. कधी कुणाच्या दारात न जाणारा माणूस! गाडी येऊन थांबली होती. इंजिनातून ते तापलेल्या लोखंडाचे टिकटिक आवाज येत होते. मालकांनी सुताराची परवानगी मागितली, गुडघ्यावर बसले, बाही वर सारली, इंजिनाच्या पोटाखाली जपून हात घातला आणि तळहात पुढून मागे फिरवून बाहेर काढला. उजेडात धरला. कोरडा होता. ते त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तो कोरडा हात पुसला आणि काही न बोलता घरी गेले.

त्या रात्री जेवताना ते आपणहून बोलले. त्यांनी दोन बशा हातात घेऊन समजावले. मी करंजी घेतो. इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँककेस, दोन फाकांचा असतो. इंग्रजी गाड्यांत या फाका डाव्या-उजव्या असत. म्हणजे करंजी काठावर उभी केल्यासारखी. तिची कड थेट खालून, तेलाच्या तळातून जाते. कड जरा कुठे उकलली की सारण कढईत. होंडाने फाका वर-खाली केल्या होत्या, झाकणाच्या डब्यासारख्या. सांधा वर राहिला, तळ अखंड. गळायला जागाच नाही. "यात अवघड काही नाही," मालक म्हणाले, "फक्त सगळी यंत्रं नवी घ्यावी लागतात. मी ज्या यंत्रावर काम करतो ते माझ्या आधीच्या माणसानं वापरलेलं आहे." नागपूरकराने विजयी मुद्रेने तोंड उघडले होते, ते त्याने बटाटा घालून मिटले.

आमची तुलना म्हणून थांबली असे नव्हे. ती फक्त मालक जेवून उठल्यावर सुरू होऊ लागली, आणि इंग्लंड-जपान सोडून इतरत्र हिंडू लागली. ही घराणीच होती म्हणा ना! बीएमडब्ल्यूची १९७३ सालची आर ९० एस: दोन सिलिंडर दोन बाजूंना बाहेर काढलेली, लांबच्या प्रवासातही आवाज न चढवणारी, विलंबित लयीची. इटलीची डुकाटी: फाबियो तालियोनी या अभियंत्याने तिच्या झडपा स्प्रिंगवर सोडल्या नाहीत, दार उघडायला जसा माणूस, तसा लावायलाही माणूस नेमला. १९७२ च्या एप्रिलमध्ये इमोला इथल्या दोनशे मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट आणि ब्रुनो स्पाजारी यांनी तिच्यावर पहिला आणि दुसरा क्रमांक काढला, तेव्हा आमच्या टेबलावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

आणि कावासाकी. १९६९ ची तिची पाचशे सीसीची माक थ्री म्हणजे टू-स्ट्रोक, तीन सिलिंडर, ६० अश्वशक्ती आणि निळा धूर. पाव मैल सुमारे तेरा सेकंदांत. तिला लोक विधवा करणारी गाडी म्हणत, कारण इंजिनाला जे सुचे ते चासीला झेपत नसे. १९७२ ची झेड वन अधिक सुजाण. ९०३ सीसी, ८२ अश्वशक्ती. खरे तर तीही साडेसातशेचीच व्हायची होती, पण होंडाने आधी डाव टाकला म्हणून कावासाकीने आपली थोरली करून आणली. पण तिच्याबद्दलही वळणावरची कुरकुर ऐकू येई. माझे मत विचाराल तर त्या दशकातल्या जपानी इंजिनांना जोडीदार चासी मिळायला दशक संपत यावे लागले. ब्रेकचेही तसेच. ती स्टेनलेस पोलादाची चकचकीत डिस्क पावसात भिजली की दाबल्यावर क्षणभर विचार करी, आणि बर्मिंगहॅममध्ये पाऊस नसलेला दिवस आम्ही पंचांगात लिहून ठेवावा असा.

उलट, वळणावर इंग्रजी गाडी म्हणजे हातातली लेखणी. हे कोल्हापूरकराचे म्हणणे मला आजही पटते. नॉर्टन कमांडोत इंजिन रबरावर बसवून त्यांनी कंप असा काही मारला होता की जुन्या इंजिनाला नवे तारुण्य आले. आणि 'स्लिपरी सॅम' नावाची एक ट्रायडंट होती. फ्रान्समधल्या १९७० च्या एका लांब शर्यतीत तिने आपल्या स्वारांना तेलाने न्हाऊ घातले म्हणून हे निसरडे नाव. तीच ट्रायडंट आइल ऑफ मॅनच्या त्या वळणावळणाच्या रस्त्यावर १९७१ ते १९७५ अशी पाच वर्षे ओळीने आपली शर्यत जिंकली.

मात्र दुकानात वळणे नसतात. बीएसए बुडत चालली होती. १९७३ मध्ये सरकारच्या मध्यस्थीने तिची आणि ट्रायम्फची मोट नॉर्टनशी बांधण्यात आली. त्याच सप्टेंबरात मेरिडनचा कारखाना बंद होणार असे कळताच कामगारांनी दारे अडवून ठिय्या दिला; पुढे १९७५ मध्ये त्यांनी सहकारी तत्त्वावर तो चालवायला घेतला आणि १९८३ पर्यंत नेला. मध्येच अरबी तेलाचा पेच आला. ताशी दोनशे किलोमीटर पळणाऱ्या गाड्या, आणि सरकारचा हुकूम ताशी पन्नास मैलांचा! १९७४ च्या सुरुवातीला दोन महिने कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळे. मालक उरलेले दिवस मेणबत्तीच्या उजेडात बसून असत. साप्ताहिक येत राहिले, पण आम्ही ते माडीवर वाचू लागलो.

१९७५ च्या मे महिन्यात मालकांच्या कारखान्याला टाळे लागले. मोठे गिऱ्हाईकच उरले नव्हते. जूनमध्ये सॅमच्या पाचव्या विजयाची बातमी आली. मालकांनी ती वाचली, घडी घातली आणि चहा घेतला. मालकीणबाईंनी मात्र त्या रात्री कोल्हापूरकराच्या गाडीखाली तो अंक घातला नाही. जुना दुसरा एक शोधून आणला.

त्या वर्षअखेर मी परतलो. मुंबईत मिनर्व्हाला 'शोले' जोरात होता. दोन मित्र साइडकारची मोटारसायकल उडवीत गात जातात तो प्रसंग आला आणि मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण गाडी बीएसएची होती; युद्धकाळातली, लष्करी. सारे थिएटर गाण्यात रमले होते आणि मी इंजिनाचा तळ दिसतो का ते पाहत होतो. कोल्हापूरकरही पुढे परतला. राजदूत ३५० निघाली, म्हणजे यामाहाची आरडी ३५० आपल्याकडे तयार होऊ लागली, तेव्हा १९८३ मध्येच त्याने ती घेतली. मूळच्या पुढच्या डिस्कच्या जागी इकडे ड्रम बसवलेला होता. तिच्यावरून तो आमच्याकडे आला, तेव्हा आमच्या हिने गाडीकडे सर्व बाजूंनी पाहून विचारले, "भावजी, ही थांबते का हो?" त्याने तिला ती किती पळते ते सांगितले.

१९७७ च्या नाताळात मालकीणबाईंचे पत्र आले. मालकांना एका गोदामात पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. जायला-यायला त्यांनी एक लहानशी जपानी गाडी घेतली होती. रोज रात्री ते स्वतः तिच्याखाली वर्तमानपत्र पसरतात, असे बाईंनी लिहिले होते. आणि सकाळी ते जसेच्या तसे उचलून आत आणतात आणि चहाबरोबर पुन्हा वाचतात.