यंत्रांचे वैद्य

पार्ल्याच्या पांढरपेशा घरांत मुलगी शास्त्रविषयांत चांगली निघाली कीं ती डॉक्टर होणार, हें तिच्याआधीं शेजारीपाजारीच ठरवून टाकतात. आमच्याहि घरीं तेंच झालें. १९२१ सालीं स्थापन झालेल्या पार्ले टिळक विद्यालयांत शिकलेली आमची कन्या वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेस दोनदां बसली व दोन्ही वेळां तिचा प्रवेश थोडक्यानें हुकला. तिनें तिसऱ्यांदा बसावें असा आमचा आग्रह. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टर ज्या यंत्रांवर विसंबतात तीं घडवायला मी शिकेन." जैववैद्यकीय अभियांत्रिकी हें नांव आम्हीं तेव्हां प्रथमच ऐकलें आणि, खरें सांगावयाचें तर, "म्हणजे यंत्रदुरुस्तीच ना?" असें कुत्सितपणें विचारून मोकळे झालों. ती कांहीं बोलली नाहीं. त्या रात्रीं जेवलीहि नाहीं.

पुढच्याच पंधरवड्यांत आमच्या वडील बंधूंस रुग्णालयांत ठेवावें लागलें. औषध मोजून सोडणारा पंप मध्यरात्रीं कर्कश वाजूं लागला व थांबला. परिचारिकेनें तत्काळ दुसरा लावला, म्हणून दादांना अपाय झाला नाहीं. सकाळीं एक पंचविशीची तरुणी येऊन तो बिघडलेला पंप तपासूं लागली. मोजपात्रांत पाणी सोडून, घड्याळाकडे पाहत, ती प्रवाह मोजीत होती. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाली, "औषध किती द्यायचं तें डॉक्टर ठरवतात, काका, पण तेवढंच जातं कीं नाहीं, तें आम्ही पाहतों." आमच्या कुत्सित प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें मिळालें.

मग आम्ही चौकशीस लागलों. ज्या रस्त्यांनीं आम्ही रोज फिरावयास जातों, तेथल्याच द्वारकादास संघवी अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही शाखा अनेक वर्षें शिकविली गेली होती! दहावीनंतर पदविकेच्या वाटेनें जाणाऱ्यांस भागूभाई मफतलाल तंत्रनिकेतन आहे. तेथील प्लॅस्टिक अभियांत्रिकी ही आम्हांस बादल्यांची विद्या वाटे. पण सलाइनची नळी व इंजेक्शनची पिचकारीहि प्लॅस्टिकचीच कीं! पवईच्या आय. आय. टी.मध्यें २०१४ सालीं 'बेटिक' हें केंद्र निघालें. तेथें डॉक्टर आणि अभियंते मिळून उपकरणें घडवितात. शिवाय २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनीं उपकरणांचे धोक्यानुसार चार वर्ग केले. तेव्हां घडविणाऱ्यांइतकेच चांचणी घेणारे, गुणवत्ता राखणारे व परवान्याचीं कागदपत्रें सिद्ध करणारे जाणकारहि लागतात. त्यांत विज्ञानाच्या व औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरांसहि जागा असते.

तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेची हृदयाची झडप १९९० सालीं प्रथम रुग्णास बसविली गेली. त्याआधींचे तीन नमुने फसले होते. हें वाचतांना आमचें आम्हांसच हंसूं आलें. शास्त्रज्ञांचे तीन नमुने फसले तरी त्यांस कोणी नापास म्हटलें नाहीं, आणि दोन परीक्षांवरून आम्ही पोटच्या पोरीस अपयशी ठरवून बसलों होतों!

या मार्गांत डॉक्टराइतका मान वा पैसा मिळेलच, अशी ग्वाही आम्ही वाचकांस देत नाहीं. आमच्या हट्टापायीं दोन वर्षें गेलीं, एवढें मात्र निश्चित. तिसरें जाऊं दिलें नाहीं. प्रवेशाच्या अर्जावर सही करतांना आम्हीं कन्येस म्हटलें, "दुरुस्तीच ना, असं विचारलं होतं, तो शब्द परत घेतों."

ती हंसून म्हणाली, "घेऊं नका, बाबा. दुरुस्तीहि शिकावी लागणारच आहे."