आईचा प्रश्न

आई गावी एकटी असते, म्हणून दारावर कॅमेरा बसवायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, "रेकॉर्डिंग क्लाऊडवर राहील, दरमहा पैसे भरायचे." आईने विचारलं, "म्हणजे मी तुळशीला पाणी घालते, ते कोणाकडे राहणार? आणि पैसे थकले की?"

मी गप्प!

शेवटी ऑनव्हिफवाला कॅमेरा घेतला. २००८ साली सुरू झालेल्या या मानकामुळे दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डरही जोडता येतो. नुसतं मेमरी कार्ड कॅमेऱ्यासोबतच चोरीला जायचं, म्हणून रेकॉर्डर आतल्या कपाटात ठेवला. डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं.

नेट मात्र जोडलं नाही. त्यामुळे मला इथे पुण्यात बसून अंगण दिसत नाही, रोज फोन करून विचारावं लागतं. असो. आईला बहुतेक हेच हवं होतं.